आपोआप न येणारा श्वास

मुलगी पुण्याला शिकायला गेली आणि धुळ्यातल्या आमच्या घरात मी एकटी उरले. नवरा जळगावला सरकारी नोकरीत होता, तिथे तो त्याच्या आईसोबत राहायचा. मी धुळ्यात एका शाळेत विज्ञान शिकवायचे. लग्नापासून आमचं हे असंच चालू होतं. शनिवारची शाळा सुटली की कधी मी जळगावची बस धरायचे, कधी तो यायचा. मुलगी घरात होती तोवर या दोन गावांमधलं अंतर कधी जाणवलं नाही. ती गेल्यावर मात्र संध्याकाळी कुलूप उघडून आत पाऊल टाकायचाच कंटाळा यायला लागला. एकटीसाठी वरण-भात लावायचा, तो सकाळीही पुरायचा. झोप कमी झाली. शाळेत बारीकसारीक गोष्टींवरून माझा आवाज चढायला लागला.

तेव्हाच कधीतरी मोबाइलवर एक व्हिडिओ समोर आला. चेहरा दिसत नव्हता, नुसता एका पुरुषाचा शांत, खोल आवाज होता. क्रियायोग पूर्वी फक्त दीक्षा घेतलेल्यांनाच शिकवत, आता काळ बदलला आहे, गुरू तुमच्या आतच आहे, असं तो सांगत होता. मी तो पूर्ण पाहिला. मग दुसरा. मग एका व्हिडिओखाली नंबर लिहिला आणि त्याच माणसाच्या मोबाइल ग्रुपमध्ये मला कोणीतरी घेतलं. तिथे रोज सकाळी पाठ यायचा, आणि जुन्या पुस्तकांची फोटो काढलेली पानं यायची. कण्यातून श्वास हळूहळू वर नेल्याची कल्पना करायची, भुवयांच्या मध्ये थोडा थांबवायचा, मग तसाच खाली आणायचा. जीभ उलटी वळवून टाळूला लावायची. हनुवटी छातीला टेकवायची.

मी लहानपणापासून सांगितलेला गृहपाठ सांगितल्यापेक्षा जास्त करणारी. पहाटे उठून, दार लावून, चटईवर बसायला लागले. सुरुवातीचे आठवडे फार चांगले गेले, हे मला मान्य करावंच लागेल. झोप परत आली. वर्गात कोणी गोंधळ केला तर मी नुसती उभी राहायचे आणि पोरं आपोआप गप्प व्हायची. सहकारी शिक्षिका म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच दिसतंय हल्ली." मी हसून विषय बदलायचे. हे कोणाला सांगायचं नाही, सांगितलं की शक्ती कमी होते, असं ग्रुपवर लिहिलेलं होतं. नवऱ्यालाही सांगितलं नाही. तसा तो सरळ माणूस. जेवण, नोकरी, आई, क्रिकेट एवढंच त्याचं जग. त्याने थट्टा केली असती.

चांगलं वाटतंय म्हटल्यावर मी वाढवत गेले. आवर्तनं वाढवली, श्वास रोखायचा वेळ वाढवला. छातीत धडधड व्हायची, कानात शीळ वाजल्यासारखं व्हायचं, हातापायांना मुंग्या यायच्या. ग्रुपवर हीच प्रगतीची लक्षणं सांगितली होती. आता वाटतं, मी आठवीच्या मुलांना रक्तातल्या ऑक्सिजनबद्दल शिकवत होते आणि पहाटे स्वतःच्या शरीरात काय चाललंय ते एका अनोळखी माणसाच्या शब्दांवरून ठरवत होते.

मग ती सकाळ आली. उन्हाळा लागला होता, वार्षिक परीक्षा जवळ आल्या होत्या. मी श्वास भुवयांपर्यंत नेला, थांबवला, आणि सोडला. सोडल्यावर सगळं अगदी शांत झालं. इतकं शांत मला कधीच वाटलं नव्हतं. बाहेर दूधवाल्याची गाडी गेली तेही लांबून, कापसातून ऐकू आल्यासारखं. पुढचा श्वास आत यायला हवा होता. मी वाट पाहिली. तो आला नाही. घ्यावासाच वाटत नव्हता. अजून थोडी वाट पाहिली. तरी नाही. आणि एकदम माझ्या मनात आलं, हा आता येणारच नाही.

मी डोळे उघडले आणि तोंडाने श्वास ओढला, पाण्यात बुडता बुडता वर आलेलं माणूस ओढतं तसा. आत आला. मग दुसरा ओढला. मग तिसरा. प्रत्येक श्वास मला ओढावा लागत होता. मी उठून खिडकी उघडली, तोंडावर पाणी मारलं, चहा ठेवला. चहा उकळत असताना लक्षात आलं, मी अजूनही एकेक श्वास मुद्दाम घेतेय. लक्ष काढून घेतलं की तो थांबेल अशी पक्की खात्री मला वाटत होती. रस्त्यावरून चालताना पुढचं पाऊल कसं टाकायचं हेच विसरावं, तसं काहीतरी झालं होतं. पण पाऊल विसरलं तर माणूस उभा राहतो. श्वास विसरला तर?

शाळेत गेले. त्या दिवशी आठवीला उजळणी होती आणि नेमका श्वसनाचाच पाठ. फळ्यावर फुप्फुसांची आकृती काढली. नेहमीसारखं सांगायला सुरुवात केली, श्वास घेण्यासाठी आपल्याला विचार करावा लागत नाही, झोपेतसुद्धा तो चालू राहतो. वाक्य अर्ध्यावर तुटलं. मी बोलत असताना श्वास घेतला होता की नव्हता ते मला आठवेना. हातातला खडू पडला. छाती आवळली, ओठ बधिर झाले. मी टेबलाला धरून मोठमोठ्याने श्वास घ्यायला लागले. 

पहिल्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, शेजारच्या वर्गातल्या मॅडमना बोलवू का?"

"नको," म्हणायला तोंड उघडलं तर शब्दच फुटेना. मुलगी धावत गेली. शेजारच्या वर्गातल्या मॅडमनी मला हाताला धरून स्टाफरूममध्ये बसवलं, साखर-पाणी दिलं. "बीपी असेल. उन्हाचं काही खात नाही तुम्ही," त्या म्हणाल्या. मी मान हलवली. बीपी असतं तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर मी ग्रुपवर लिहिलं. नाव न सांगता, साध्या शब्दांत. क्रिया करताना श्वास थांबला, आता सतत लक्ष ठेवावं लागतंय, काय करू? बरेच जण हात जोडल्याची चित्रं टाकून गेले. मग त्या शांत आवाजाच्या माणसाने उत्तर लिहिलं. तुमची शक्ती जागी झाली आहे. असं फार थोड्यांचं होतं. आता मागे फिरू नका. या टप्प्यावर साधना सोडली तर प्राण मध्येच अडकतो, मग वेड लागतं नाहीतर मृत्यू येतो. आवर्तनं वाढवा.

ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. चालू ठेवलं तर ती शांतता परत येणार, जिच्यात श्वास नाही. सोडलं तर वेड किंवा मरण. मी त्याला विचारलं, तुमच्याशी फोनवर बोलता येईल का? मला भीती वाटतेय. त्याने लिहिलं, भीती म्हणजे अहंकार. बस, एवढंच.

पुढचे आठवडे मी कसे काढले ते नीट सांगता येत नाही. पहाटे चटईवर बसायचे, कारण न बसण्याची भीती होती. दोन-तीन श्वासांतच उठायचे, कारण बसण्याची भीती होती. दिवसभर मी माझ्याच श्वासाची राखण करत होते. पेपर तपासताना, भाजी घेताना, फोनवर मुलीशी बोलताना. ती विचारायची, "आई, तू धावत आलीस का?" मी म्हणायचे, जिना चढले. झोप लागायच्या क्षणी दचकून जाग यायची. झोपले तर राखण कोण करणार?

मे महिन्यात सुट्टी लागली आणि नवऱ्याचा फोन आला. त्याची आई दवाखान्यातून घरी आली होती. तिची फुप्फुसं कित्येक वर्षांच्या चुलीच्या धुराने खराब झाली होती, हे आम्हाला माहीत होतं, पण या वेळी डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं होतं. "दिवसा कोणीतरी तिच्याजवळ पाहिजे. माझी रजा संपली," तो म्हणाला. "तू ये ना आता. सुट्टीच आहे."

नाही म्हणायला काही कारण नव्हतं. खरं कारण सांगता येत नव्हतं. ज्या घरात एका माणसाचा श्वास मशीनवर चाललाय, तिथे मी जायचं? माझ्याच्याने माझा स्वतःचा सांभाळला जात नाही.

धुळे-जळगाव हा रस्ता मी डोळे मिटून सांगू शकते इतक्या वेळा त्यावरून गेलेय. त्या दिवशी तो संपता संपेना. बस भरलेली, खिडकीतून येणारा वारा भट्टीसारखा. पारोळा मागे पडलं आणि छाती आवळायला लागली. ओठ बधिर, बोटं वाकडी. वाटलं, इथे, या बसमध्ये, अनोळखी माणसांत मी मरणार. मी उठले, परत बसले, परत उठले.

शेजारी बुरख्यातल्या एक बाई होत्या, मांडीवर कपड्यांची मोठी पिशवी. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "क्या हुआ बाई? उतरना है क्या?"

"श्वास... श्वास येत नाहीये."

"येतोय ना. बोलता ना तुम्ही." त्या खानदेशी वळणाच्या मराठीत म्हणाल्या. "उतरून काय करता? बाहेर झाड पण नाही. एरंडोल येऊ द्या, मग बघू." आणि माझं मनगट न सोडता त्या बोलत सुटल्या. मुलीचं लग्न ठरलं होतं, धुळ्याला जाऊन कापड घेतलं होतं, नवऱ्याने रंग चुकीचा निवडला म्हणून आता घरी महाभारत होणार होतं. पिशवी उघडून त्यांनी मला तो रंग दाखवला. "सांगा, हा गुलाबी आहे का? हा तर बीट आहे!" मला काही कळत नव्हतं, पण मी त्या कापडाकडे बघत राहिले. एरंडोल आलं. "उतरता?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली, नाही. जळगावपर्यंत त्यांनी माझा हात धरून ठेवला. उतरताना गर्दीत मी त्यांचे आभारही मानू शकले नाही.

जळगावच्या घरी मधल्या खोलीत पलंग आणून ठेवला होता. पलंगाशेजारी ते मशीन, साधारण छोट्या कपाटाएवढं, सतत घरघर करणारं. सासूबाई उशांना टेकून बसलेल्या, नाकात पारदर्शक नळी. फार वाळल्या होत्या. खांदे प्रत्येक श्वासाला वर उचलले जायचे. मला पाहून हसल्या. मी पाया पडले आणि पटकन स्वयंपाकघरात गेले, कारण ते खांदे मला बघवेनात. ते बघितले की माझेही खांदे तसेच उचलले जायला लागले.

काम मी सगळं केलं. गोळ्या, पेज, अंग पुसणं, मशीनच्या बाटलीतलं पाणी बदलणं. व्यायाम शिकवायला आलेल्या मुलीने दाखवलं होतं तसं त्यांच्याकडून करून घेणं, नाकाने श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून, गरम दुधावरची साय सरकवावी तसा, हळू सोडायचा. त्यांना शिकवताना मी स्वतः करत नव्हते. मला श्वासाचा कुठलाच व्यायाम करायची हिंमत नव्हती.

घरात बोटाला लावायचं, ऑक्सिजन मोजणारं ते चिमट्यासारखं यंत्र होतं. त्यांचं मोजून झालं की मी ते पदराआड माझ्या बोटाला लावायचे. अठ्ठ्याण्णव. मोरीत जाऊन परत लावायचे. अठ्ठ्याण्णव. थोडा वेळ बरं वाटायचं, मग शंका यायची की आता कमी झालं असेल. नवरा घरी असला की ते कूलरवर ठेवलेलं असायचं आणि माझे डोळे तिथेच.

एका दुपारी त्यांचा डोळा लागला असं समजून मी पलंगाच्या पायथ्याशी बसून बोटाला ते लावलं. वरून आवाज आला.

"काय वं, तुले बी मशीन लागस का?"

मी वर पाहिलं. त्या टक्क जाग्या होत्या. आमच्या सासूबाई अमळनेरकडच्या खेड्यातल्या. बाहेरच्यांशी मराठी बोलायच्या, पण घरात अहिराणीच. मी काहीतरी सांगायला लागले, बॅटरी तपासत होते वगैरे.

"रोज तपासस," त्या म्हणाल्या. दोन शब्दांमध्ये त्यांना थांबावं लागायचं. "माले सांग. मी कोनलेच सांगणार नही."

आणि मी सांगितलं. नवऱ्याला, मुलीला, मैत्रिणीला जे सांगितलं नव्हतं ते सगळं, फरशीवर बसून, त्या मशीनच्या घरघरीत. व्हिडिओ, ग्रुप, ती सकाळ, वर्ग, बस. प्राण अडकेल असं लिहिणारा तो माणूस. मला वाटलं होतं त्या म्हणतील, हे कसले थेर. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "तो कोन शे? तू त्याले देखेल शे का?"

"नाही."

"ज्याले देखं नही, त्यानं कसाले ऐकस?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पण त्यामुळे भीती कमी झाली असं मुळीच नाही. त्यांनी नळी नीट केली, जरा दम खाल्ला आणि खिडकीकडे बघत म्हणाल्या, "माले बी भ्याव वाटस वं. तो घर ऱ्हास तवय मी हासस. पन मशीन बंद पडनं ते काय, हाईच डोकामा ऱ्हास." पोरगा घरी असताना त्या हसतात, आणि डोक्यात सतत एकच, मशीन बंद पडलं तर. त्या दवाखान्यातून आल्यापासून मी त्यांच्या तोंडून तक्रारीचा शब्द ऐकला नव्हता. मी त्यांच्या पायावर हात ठेवला. 

आणि मशीन बंद पडलंच. त्यानंतर दोन-तीन दिवसांत, भर दुपारी. कूलर थांबला, पंखा थांबला, आणि त्याबरोबर ती घरघर. नंतर येणारी शांतता मी ओळखली. मशीन केविलवाणं पी-पी करायला लागलं. इन्व्हर्टरवर ते चालवू नका असं आधीच सांगितलेलं होतं, म्हणून तो घेतलाच नव्हता. अशा वेळेसाठी कोपऱ्यात सिलिंडर ठेवला होता आणि तो कसा उघडायचा ते नवऱ्याने मला आल्या दिवशी दाखवलं होतं. मी नळी काढून सिलिंडरला जोडली. पान्याने वरची चावी फिरवली. ती हलली नाही.

सासूबाईंचे डोळे माझ्यावर. खांदे वर-खाली, वर-खाली. ओठांचा रंग बदलायला लागलेला.

मी नवऱ्याला फोन लावला, लागला नाही. पान्यावर दोन्ही हातांनी जोर दिला. हात घामाने घसरले. पदर गुंडाळून परत जोर दिला. "आई, ओठांचा चंबू करा," मी ओरडले. "हळू सोडा. माझ्याकडे बघा. साय सरकवायची, नुसती साय." त्या करेनात, भीतीने त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं. मी पाना टाकून त्यांच्यासमोर बसले, त्यांचे दोन्ही गाल धरले आणि स्वतः करून दाखवलं. नाकाने आत, ओठांतून हळू बाहेर. परत. परत. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्यांनी माझ्याबरोबर सोडला. मग परत उठून पाना उचलला. या वेळी आपण चावी उलटी फिरवतोय हे लक्षात आलं. उलटी! इतका वेळ मी ती अजून घट्ट करत होते. दुसरीकडे फिरवली आणि फुस्स करून आवाज आला. नळी त्यांच्या नाकात घातली.

रंग परत यायला किती वेळ लागला माहीत नाही. मी त्यांचा हात धरून बसले होते आणि आमच्या दोघींच्या अंगावरून घामाच्या धारा चालल्या होत्या. लाइट आली तेव्हा पंखा आधी कुरकुरला, मग फिरला.

"लाइट उनी," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "जाय, पानी पी. तुना चेहरा देख कसा व्हयी गया."

स्वयंपाकघरात माठातून पाणी घेताना माझ्या लक्षात आलं की त्या सगळ्या वेळात मी माझ्या श्वासाची राखण केलीच नव्हती. कोणीही केली नव्हती. तरी तो चालू होता. मला वाटलं, सुटले. मी ओट्याला टेकून रडले.

सुटले नव्हते. संध्याकाळी कणीक मळताना ते परत आलं, तसंच, तितकंच. उलट आणखी वाईट, कारण आता वाटलं की एवढं होऊनही जात नाही म्हणजे हे कधीच जाणार नाही. नवरा कचेरीतून आला, दुपारची हकीगत ऐकून आईजवळ बसला. मग आत आला आणि मला कणकेच्या हातांनी भिंतीला टेकून उभी असलेली पाहिलं.

"काय झालं?"

मी त्याला सांगितलं. या वेळी थोडक्यात, कारण दम नव्हता. तो हसला नाही. चिडला. "दोन महिने? दोन महिने तू हे एकटी..."  त्याने माझे हात नळाखाली धरून धुतले, लहान मुलाचे धुवावेत तसे, आणि म्हणाला, "उद्या डॉक्टरकडे."

सासूबाईंच्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छाती तपासली, रक्त तपासायला दिलं, हृदयाचा आलेख, ईसीजी, काढून पाहिला. सगळं ठीक. मग त्यांनी खुर्ची पुढे घेतली. जास्त श्वास घेतल्यानेच ओठ बधिर होतात, बोटं वाकडी होतात, तुम्ही कमी नाही, फार जास्त श्वास घेताय, असं त्यांनी समजावलं. मेंदूत श्वासाची जागा आहे, ती तुमच्या परवानगीची वाट पाहत नाही. "हे मला माहीत आहे," मी म्हणाले. "मी हेच शिकवते."

"माहीत असूनही भीती वाटते, हाच आजार आहे," ते म्हणाले. "आणि त्याला औषध आहे." त्यांनी ती साधना पूर्ण बंद करायला सांगितली आणि धुळ्यातल्या एका मनोविकारतज्ज्ञ बाईंकडे चिठ्ठी दिली.

"सोडलं तर काही होणार नाही ना?" मी दारातून परत वळून विचारलं. पन्नाशीला आलेली बाई, विज्ञानाची शिक्षिका. त्यांनी शांतपणे उत्तर दिलं, "नाही होणार." नवऱ्यासमोर मला लाज वाटली नाही. मला ते कोणाच्या तरी, समोर बसलेल्या जिवंत माणसाच्या तोंडून ऐकायचंच होतं.

त्या संध्याकाळी मी सासूबाईंच्या पलंगावर बसून ग्रुप सोडला. अंगठा फोनवर ठेवला आणि दाबवेना. वाटलं, दाबलं आणि खरंच काही झालं तर? त्यांनी मान लांब करून फोनमध्ये डोकावलं. त्यांना अक्षरं दिसत नव्हती. मी दाबलं. मग बसून राहिले. वाट पाहत. मशीन घरघरत होतं, बाहेर कोणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

बरं व्हायला पाऊस संपून थंडी यावी लागली. धुळ्यातल्या बाईंनी गोळ्या दिल्या आणि त्याहून अवघड एक गोष्ट सांगितली, भीती आली की तपासायचं नाही. बोटाला यंत्र नाही, नाडी नाही, खोल श्वास नाही. हातातलं काम चालू ठेवायचं. पहिल्यांदा ते करताना मी भाजी निवडत होते आणि मेथीची जुडी अक्षरशः चिरडली. पण मी उठले नाही. भीती चढली, तशीच थांबली, आणि कंटाळून उतरली. तिला उतरता येतं हे मला ठाऊकच नव्हतं. मग ती कमी वेळा यायला लागली. शाळेत मी श्वसनाचा पाठ सहकारी मॅडमना द्यायचं ठरवलं होतं, त्यांनी घेतला. पुढच्या वर्षी मी स्वतः घेईन म्हणते.

सासूबाई डिसेंबरात गेल्या. दवाखान्यात, सकाळी, मुलगा जवळ होता. मी धुळ्याहून पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. त्यांच्या खांद्यांकडे मी पाहिलं. लहान पोरीचे असावेत तसे सैल पडले होते. मला तिथे भीती वाटेल असं मी बसमध्ये धरून चालले होते. वाटली नाही. फक्त फार वाईट वाटलं.

तेराव्याला मुलगी पुण्याहून आली होती. पाहुणे पांगल्यावर आम्ही दोघी मधल्या खोलीत गाद्या गोळा करत होतो. पलंग आणि मशीन परत गेलं होतं, त्या जागेवर फरशी वेगळ्याच रंगाची दिसत होती. बोलता बोलता ती म्हणाली, "आई, मी हल्ली झोपायच्या आधी फोनवर मेडिटेशन लावते. रूममेटने सांगितलं."

माझ्या हातातली गादी सुटली. "कोण शिकवतं? श्वास रोखायला सांगतात का? चेहरा दिसतो का त्याचा?"

ती घाबरून माझ्याकडे बघत राहिली. "आई, अगं, त्यात कोणी माणूस नाहीये. नुसता पावसाचा आवाज आहे. तो ऐकत झोपायचं."

"दाखव."

तिने फोन दाखवला. काळ्या पडद्यावर एक छोटा ढग आणि पावसाचा आवाज. मी तो फोन कानाला लावून बराच वेळ ऐकला. एखादा शब्द येतो का, कोणी हळूच काही सांगतं का. पाऊसच होता. बाहेरच्या खोलीतून नवऱ्याने विचारलं, "काय चाललंय?"

"काही नाही," मी म्हणाले. फोन तिच्या हातात दिला आणि तिला तिथेच, गाद्यांच्या ढिगावर बसवलं. "बस जरा. तुला एक सांगायचंय."